एका वाटीचं जेवण

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं मनोगत. स्मरणिकेसाठी बोलण्यातला मजकूर जवळजवळ तसाच ठेवला आहे.)



काल रात्री मी सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मित्राकडे दहा मिनिटं मागून घेतली. त्यानं विचारलं, “विषय काय लिहू?” मी म्हटलं, “जेवण.” त्याला वाटलं, मी पाककृती सांगणार आहे. त्यानं लगेच लिहून टाकलं. तेव्हा ज्यांनी वही-पेन काढलंय, त्यांनी ते आत ठेवलं तरी चालेल.

काल सकाळपासून मला एकच वाक्य ऐकू येतंय. “अगं, ओळखलंच नाही! काय जादू केलीस?” मागच्या मेळाव्याचा, म्हणजे दहावीला २५ वर्षं झाली तेव्हाचा, ग्रुप फोटो बाहेर लावलाय. त्यात मला शोधा. मागच्या रांगेत, दोघींच्या खांद्यांमधून फक्त माझा चेहरा दिसेल. ती जागा मला कुणी दिली नव्हती. फोटो म्हटलं की मी आपोआप मागे जायचे. पुढे उभं राहायची वेळ आलीच तर पोटासमोर पर्स धरायची.

काल पहिल्या दोघींनी विचारलं तेव्हा मी त्यांना माझं नेहमीचं उत्तर दिलं. “काही नाही गं, रोज चालते आणि रात्री लवकर जेवते.” तिसरीनं विचारलं आणि ते उत्तर काही तोंडातून निघेना. का निघेना, ते सांगायला मी इथे उभी आहे.

मी चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४८ व्या वर्षी, वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. आपल्याकडे त्याला सरळ ‘बेरिॲट्रिक’ म्हणतात. घरातली चार माणसं आणि डॉक्टर सोडले तर ही गोष्ट आजपर्यंत फार कुणाला माहीत नव्हती. आता शंभर जणांना एकदम माहीत झाली. बरं वाटलं.

शाळेतलं फार उगाळत बसत नाही. तुम्हाला आठवतच असेल. दरवर्षी शाळेत आरोग्य तपासणी व्हायची. नर्सबाई वजन मोठ्यानं सांगायच्या आणि शेजारी बसलेला कुणीतरी ते वहीत लिहायचा. आपण सगळे रांगेत. माझा आकडा आला की रांगेत मागेपर्यंत हसू जायचं. आठवीच्या गॅदरिंगला मुलींच्या नाटकात मला कुंभकर्ण केलं. टाळ्या मलाच सर्वांत जास्त पडल्या आणि वर्षभर तेच नाव पडलं. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे. मी आधी हसले की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, हे मला बाराव्या-तेराव्या वर्षीच कळलं होतं. नववीत आपण अजिंक्यताऱ्यावर गेलो तेव्हा अर्ध्या वाटेवर मी सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसले. मी म्हटलं, पाय मुरगळलाय. पाय मुरगळला नव्हता.

म्हणजे वजनाबद्दल खोटं बोलायची सवय माझी तेव्हापासूनची. आज ती मोडायची आहे.

लग्न झालं, पुण्याला गेले, बँकेत लागले, मुलगी झाली. प्रत्येक टप्प्यावर काही किलो वाढले. मी काही केलं नाही असं समजू नका. जी. एम. डाएट केलं, मध-लिंबू-कोमट पाणी केलं, नुसत्या फळांवर राहिले, जिमची वर्षाची फी भरली, पट्टा बांधून झाला, काढा पिऊन झाला. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि वर्षभरात बारा किलो परत यायचे. लोक म्हणायचे, तोंडावर ताबा नाही. मलाही तेच वाटायचं.

४७ व्या वर्षी माझी उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो होतं. मधुमेहाच्या दोन गोळ्या, रक्तदाबाची एक. रात्री झोपेत श्वास अडकायचा, म्हणून नाकावर मास्क लावून मशीनवर झोपायचे. गुडघ्यांचं तर बोलूच नका. बँकेत लिफ्ट बंद असली की मी खालीच चहा पीत बसायचे.

माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा ऑपरेशनचं नाव काढलं. मला राग आला. म्हटलं, म्हणजे मी हरले असंच ना? ते म्हणाले, “तुम्ही चष्मा लावलाय, तो काय डोळे हरले म्हणून?” तरी मी पुढे वर्ष घालवलं. दोन सर्जनांना भेटले, आहारतज्ज्ञांना भेटले. मनाची तयारी आहे का, हे तपासायला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं होतं. आधी मला ते हास्यास्पद वाटलं. नंतर कळलं, त्या तासाभरात ज्या गोष्टी विचारल्या होत्या त्याच पुढे आडव्या आल्या.

माझं ऑपरेशन होतं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून करतात, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पडतात. जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. आतडी जिथल्या तिथे राहतात. बायपास नावाच्या दुसऱ्या प्रकारात आतड्याची वाटही बदलतात. माझं ते नव्हतं. आणखी एक गंमत. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन आहे. १९९९ साली जपानमधल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. जठराच्या ज्या भागात ते मुख्यत्वे तयार होतं, त्यातला मोठा भाग या ऑपरेशनमध्ये जातो. म्हणजे फक्त जागा कमी होत नाही, भुकेची हाकही बारीक होते. इतकी वर्षं मी जिला माझा दुबळेपणा समजत होते, तिच्यात रसायनाचाही हात होता हे कळल्यावर मी हॉस्पिटलच्या खाटेवर रडले.

ऑफिसात सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. व्रण तसेच दिसतात, कुणाला शंका आली नाही.

आता खरी गोष्ट. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की काम झालं. ऑपरेशनच्या दोन तासांत मी बेशुद्ध होते, मला काहीच करायचं नव्हतं. जे करायचं होतं ते घरी आल्यावर सुरू झालं.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. औषधाच्या बाटलीवर जे ३० मिलीचं झाकण असतं, तो माझा पेला. तो एक पेला पंधरा मिनिटांत, घोट घोट करून संपवायचा. मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक, नारळपाणी, पाण्यात कालवलेली प्रोटीनची पावडर. गटकन प्यायलं की छातीत कळ. घटाघटा पाणी पिणं ही केवढी चैन आहे, हे मला तेव्हा कळलं. मे महिन्यात माठातलं तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायचं, ते सुख मला आजही नाही.

तिसऱ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं अन्न आलं. मुगाची खिचडी, घट्ट दही, कुस्करलेलं पनीर, अंड्याचं मऊ भुरजीसारखं काहीतरी. चार चमचे खाल्ले की पोट गच्च. आणि घरात काय चाललेलं? माझ्या मुलीच्या मैत्रिणी आलेल्या, सासूबाईंनी कांदाभजी काढलेली. खरं सांगते, मला भूक नव्हती. पोट अगदी शांत होतं. पण त्या वासानं मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि उशीत तोंड खुपसलं. पोटाची भूक कापता येते, जिभेची नाही. तिचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही.

दोन महिन्यांनी सगळं खायची परवानगी मिळाली, पण नियमांसह. घास लिंबाच्या बीएवढा. बारीक चावायचा, तोंडात पिठलं होईपर्यंत. घास गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा. जेवण वीस-पंचवीस मिनिटं चाललं पाहिजे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. पोट भरल्याची पहिली खूण आली की थांबायचं. ताटात किती उरलंय ते बघायचं नाही.

बाई, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते. डब्याच्या सुट्टीत तुम्ही बाकांमधून फिरायचात आणि म्हणायचात, “एक घास बत्तीस वेळा चावा.” आम्ही तुमच्या मागे तुमची नक्कल करायचो. आमचा डबा सात मिनिटांत संपायचा, कारण खाली लंगडी सुरू झालेली असायची. त्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडून पुणे शहरात, पैसे घेऊन, तेच करून घेतलं.

नियम मोडला की काय होतं तेही सांगते. तिसऱ्या महिन्यात आमच्या भाच्याचा साखरपुडा होता. पहिल्यांदाच चारचौघांत जेवायला बसले. बोलता बोलता चपातीचा घास नीट न चावता गिळला आणि सवयीनं वर पाणी प्यायले. चपातीचा मऊ गोळा झाला आणि अडकला. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडात फेसासारखी लाळ सुटायला लागली. हॉलच्या बाथरूममध्ये पाऊण तास भिंतीला धरून उभी होते. बाहेरून एक मावशी विचारतायत, “काय गं, या वयात गोड बातमी की काय?” मी आतून म्हटलं, “पित्त झालंय.” परत खोटं. मिस्टर गाडी काढून दाराशी उभे होते. त्या दिवसापासून बाहेर चपाती नाही. आजही मला मऊ चपाती, पाव आणि चिकट भात जड जातो. भाकरी मात्र आमटीत चुरून चालते. सातारची ज्वारी शेवटी कामाला आली.

आता माझा रोजचा दिवस कसा असतो? सकाळी उठल्यावर घोट घोट पाणी. नाश्त्याला दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं. अकराला ताक किंवा दूध. दुपारच्या डब्यात एक मध्यम वाटी. हो, एकच वाटी. तिच्यात आधी प्रथिनं: पनीर, उसळ, मासे किंवा घट्ट वरण. मग भाजी. मग जागा उरली तर दोन घास भाकरी. आपल्या ताटाचा क्रमच उलटा झाला. लहानपणी भात-पोळी मध्ये आणि बाकी सगळं तोंडी लावायला. आता उसळ हे जेवण आणि भाकरी तोंडी लावणं. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, वाटीभर शिजलेल्या डाळीतही साधारण तेवढीच. तुम्ही हिशेब करा. मी बँकेत आहे म्हणून जमतं.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास सोडायचे. ठरलेल्या मुदतीनं रक्त तपासायचं. दुखण्याची साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. चौथ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळायला लागले. वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली. हे होतं असं आधी सांगितलं होतं, तरी फणी बघून जीव घाबरायचा. वर्ष होईस्तोवर नवे आले. सुटलेली कातडी मात्र आली तशी आहे. दंडाखाली लोंबते, पोटावर लोंबते. काल साडीला लांब बाह्यांचा ब्लाउज का, असं कुणीतरी विचारलं. थंडी वाजते म्हटलं. म्हणजे काल खोटं एकूण तीन वेळा झालं.

मिळालं काय? दीड वर्षात १०४ चे ७० झाले. मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं बंद केल्या. तपासणी मात्र चालू आहे, कारण तो परत येऊ शकतो. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. झोपेची तपासणी पुन्हा करून मशीन काढून टाकलं. आणि काल पहाटे तुमच्याबरोबर मी अजिंक्यताऱ्यावर चढले. वर पोचल्यावर मी एकटी बाजूला जाऊन उभी राहिले, तेव्हा काहींना वाटलं मला दम लागलाय. दम लागला होता, खरंय. पण डोळे दुसऱ्या कारणानं पुसत होते.

आणि हेही सांगते, की आज माझं वजन ७४ आहे. चार किलो परत आले. कसे आले? उसळीनं पोट भरतं. पण चिवडा, शेव, आईस्क्रीम, कंदी पेढे हे या लहान पोटातूनही सुळकन खाली उतरतात. थोडं थोडं, तासाभरानं, टीव्हीसमोर. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतरचे तीन महिने मी हेच करत होते. पूर्वी दुःख झालं की मी खायचे. ऑपरेशननं पोट लहान केलं, दुःख लहान केलं नाही. मग परत त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, परत आहाराची वही लिहायला लागले. आता चार किलोंवर थांबलंय.

सगळ्यांत अवघड काय गेलं म्हणाल, तर आपला आग्रह. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. “एवढंच? चिमणीसारखं खातेस की!” “अगं, माझ्या हातचं आवडलं नाही का?” “एक मोदक, देवाचा प्रसाद आहे.” मला नाही म्हणता यायचं नाही. आणि माझ्या आईची शिकवण, ताटात अन्न टाकायचं नाही. लहानपणी मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं की ती सगळ्यांना दाखवायची. ती शाबासकी मी चाळीस वर्षं मिळवत राहिले. पहिल्यांदा माझ्या ताटात अर्धी भाकरी उरली, तेव्हा मी चोरी केल्यासारखी ती पदराआड घेऊन आत गेले.

यावर तोड काढली माझ्या सासूबाईंनी. त्या ८१ वर्षांच्या आहेत, ऑपरेशनच्या पूर्ण विरोधात होत्या. “देवानं दिलेलं पोट कापतात का?” असं त्या महिनाभर म्हणत होत्या. पण एक दिवस त्यांनी मांडणीवरची स्टीलची मध्यम वाटी घेतली, तिच्या कडेला खिळ्यानं माझं नाव कोरून आणलं आणि म्हणाल्या, “हे तुझं ताट. आधी यात घे, मग बस. टाकायचं नाही आणि जास्त खायचंही नाही.” त्यांनी त्यानंतर मला कधी आग्रह केला नाही, आणि घरी आलेल्या कुणाला करू दिला नाही. ती वाटी आत्ता माझ्या पर्समध्ये आहे.

आता जे सांगायला उभी राहिले ते.

ऑपरेशननंतर वर्षभरानं आपल्यातल्याच एका मैत्रिणीचा मला फोन आला. तिनं माझा फोटो ग्रुपवर पाहिला होता. तिचं वजन माझ्या जुन्या वजनाच्या आसपास, तिला मधुमेह. फार आशेनं तिनं विचारलं, “तू कसं केलंस? मला सांग, मी अगदी तसंच करते.” मी तिला काय सांगितलं? रोज तासभर चालते आणि रात्रीचं जेवण बंद केलंय. ती म्हणाली, “बस्स? एवढंच?” मी म्हटलं, “मनावर घेतलं की होतं गं.”

मनावर घेतलं की होतं. जे वाक्य ऐकून मी तीस वर्षं रडले, तेच मी तिला ऐकवलं.

तिनं मनावर घेतलं. आठ महिने ती चालली. रात्रीचं जेवण बंद केलं, पण साखरेची रात्रीची गोळी चालूच ठेवली, कारण ते डॉक्टरांना विचारायचं तिला सुचलं नाही आणि मी सांगितलं नाही. एके दिवशी पहाटे ती स्वयंपाकघरात पडली. साखर फार खाली गेली होती. मुलगा घरात होता म्हणून वेळेवर हॉस्पिटलमध्ये नेलं. शुद्धीवर आल्यावर ती मला फोनवर काय म्हणाली असेल? “तुझ्यासारखी जिद्द नाही गं माझ्यात.”

त्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. पोटावरचे व्रण दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू मला फसवलंस त्याचं वाईट वाटलं. पण त्यापेक्षा आठ महिने मी स्वतःला शिव्या घातल्या, त्याचं जास्त वाटतंय.” मी माफी मागितली. तिनं केली माफ, पण एक अट घातली: “मला सांगितलंस तसं सगळ्यांना सांग. अजून कुणीतरी तुला विचारणार आहे.” ती आज इथे बसली आहे. नाव घेऊ नको म्हणालीय, घेत नाही. काल तरीही पहिल्या दोघींना मी तेच जुनं उत्तर दिलं, ते तिनं लांबून ऐकलं. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी दहा मिनिटं मागून घेतली.

मी या ऑपरेशनची जाहिरात करत नाही. ते प्रत्येकासाठी नाही, त्यात धोके आहेत, आणि ते केल्यावर जन्मभराची शिस्त आहे. करायचं की नाही हे तपासण्या करून, एकापेक्षा जास्त डॉक्टरांशी बोलून ठरवा. चार लाख कमी-जास्त झाले तरी चालतील, पण नंतर पाठपुरावा करणारी माणसं नीट बघा. आरोग्य विम्यात ठरावीक अटींवर हे बसतं, आपली पॉलिसी वाचा. आणि मधुमेहाची गोळी घेत असाल तर कुणाचंही ऐकून जेवण बंद करू नका. माझं तर नाहीच नाही. ज्यांना विचारायचंय त्यांना माझा नंबर ग्रुपवर आहेच. कितीही वेळ बोलेन आणि खरं बोलेन.

दुसरं एक मागणं. कुणी बारीक दिसलं की “काय जादू केलीस” आणि कुणी जाड दिसलं की “जरा मनावर घे” हे दोन्ही आपण सोडून देऊ या. आपण पन्नाशी ओलांडली. कुणाच्या अंगावर काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. कुणी आजारानंही बारीक झालेलं असतं. भेटल्यावर “बरी आहेस ना?” एवढं पुरतं. आपली शाळा सुटली तेव्हा आपण एकमेकांना एवढंच विचारायचो.

मी अजूनही प्लास्टिकच्या खुर्चीत बसण्याआधी ती हातानं दाबून बघते. एसटीत शिरताना आडवी होते. आरशात कधीकधी जुनीच बाई दिसते. तिचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. तिनंच मला इथवर आणलं, चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती एवढं ओझं घेऊन नोकरी, संसार, सगळं करत होती. कुंभकर्णाला टाळ्या दिल्यात, तशा तिलाही द्या.

आता खाली पंगतीची तयारी झालीय. भरली वांगी, भाकरी, मसालेभात, जिलबी आहे असं कळलंय. मी माझी वाटी घेऊन येणार आहे. एक चमचा वांगं, एक चमचा उसळ, दोन घास भाकरी आणि जिलबीचा एक तुकडा. तो मी पाच मिनिटं चघळणार आहे. तुम्ही पोटभर जेवा, एकमेकांना वाढा. मला आग्रह करू नका. फक्त माझं जेवण होईपर्यंत माझ्याजवळ बसा, कारण तुमचं सात मिनिटांत होईल आणि माझं अर्ध्या तासात. लंगडीला जायची घाई आता कुणालाच नाही.